शिकवणीची फी कोणी भरली?

१८८५-८६ च्या हिवाळ्यात मुंबईच्या पारशी क्रिकेटपटूंनी थेट इंग्लंडहून मास्तर मागवला. रॉबर्ट हेंडरसन त्याचं नाव. सरे काउंटीचा हा व्यावसायिक खेळाडू तेव्हा जेमतेम विशीत होता. पुढच्या उन्हाळ्यात पारशी संघ इंग्लंडला जाणार होता. हिंदुस्थानातून निघालेला तो पहिलाच क्रिकेट दौरा, तेव्हा हसं व्हायला नको, चार गोष्टी आधी नीट शिकून घ्याव्यात, हा व्यापारी माणसांचा रोखठोक हिशेब. हेंडरसन आला, त्यानं शिकवलं आणि १८८६ च्या उन्हाळ्यात पारशी संघ बोटीनं इंग्लंडला पोचला. तिथे २८ सामने झाले. एक जिंकला, आठ अनिर्णित राहिले आणि १९ हरले.

पैसे पाण्यात गेले म्हणायचं का? दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, पारशी पुन्हा इंग्लंडला गेले आणि ३१ पैकी आठ सामने जिंकून आले. जानेवारी १८९० मध्ये तर व्हर्नन यांच्या पाहुण्या इंग्रज संघाला त्यांनी बॉम्बे जिमखान्यावर हरवलं. त्या विजयात चमकलेले डॉ. मेहेरवानजी पावरी १८८८ च्या दौऱ्यातून तावून सुलाखून निघालेले होते. आता या यशाचं श्रेय हेंडरसनच्या शिकवणीला द्यायचं, की इंग्लंडच्या ओल्या खेळपट्ट्यांवर खाल्लेल्या १९ पराभवांना? पारशांच्या वह्यांत दोन्ही खर्च मांडलेले असणार. पण दुसरी रक्कम जास्त फळली असावी, असं त्या आकड्यांकडे पाहून वाटतं.

मुलाला पर्सनल कोचिंग लावावं का, हा प्रश्न आज ठाण्यापासून नाशिकपर्यंतच्या आईबापांना पडतो. तो सहसा चालू महिन्याच्या खर्चापुरता विचारला जातो. त्याला सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक गोष्ट सारखी डोकावते. फुकट शिकवणी कधीच नव्हती. पैसे भरणारा दुसराच कोणी असायचा, इतकंच.

रणजितसिंहजींनी ते स्वतः भरले, निदान बिलं त्यांच्या नावावर होती. केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना डॅन हेवर्ड, जॅक शार्प, बिल लॉकवूड असे व्यावसायिक गोलंदाज ते पदरचे पैसे मोजून नेटमध्ये बोलवायचे आणि तासन् तास फलंदाजी करायचे. वेगवान चेंडू आला की पाय मागे घ्यायची त्यांची खोड मोडावी म्हणून उजवा पाय जमिनीला बांधून ठेवला होता, असं सांगतात. जागचं हलता येईना, तेव्हा मनगटाच्या झटक्यानं चेंडू पायामागे वळवायची युक्ती त्यांना सापडली आणि तोच पुढे गाजलेला लेग ग्लान्स. १८९६ मध्ये मँचेस्टरला पहिल्याच कसोटीत त्यांनी ६२ आणि नाबाद १५४ धावा केल्या. खासगी शिकवणी इतकी वसूल झाल्याचं दुसरं उदाहरण क्रिकेटमध्ये शोधावं लागेल. अर्थात रणजींच्या देण्यांचा तगादा त्यांच्यामागे वर्षानुवर्षं लागला होता, हेही त्याच गोष्टीतलं दुसरं पान.

नेमक्या त्याच काळात पुण्यात पैसा उलट्या दिशेनं वाहत होता. पालवणकर बाळू हा चर्मकार समाजातला पोरगा आधी एका पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर राबला आणि मग गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर माळी म्हणून लागला. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, रेघा मारायच्या, जाळ्या लावायच्या, ही त्याची कामं. जे. जी. ग्रेग हा त्या क्लबातला नावाजलेला फलंदाज. सगळ्यांच्या आधी मैदानात येऊन सराव करायची त्याला सवय, आणि समोर चेंडू टाकायला बाळू. आपल्याला बाद केलं की दर वेळी ग्रेग त्याला आठ आणे द्यायचा, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे साहेबाला आठदा उडवलं की महिन्याचा पगार वर सुटला. हिंदुस्थानच्या पहिल्या महान डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचं शिक्षण हे असं झालं. शिकणाऱ्यालाच मजुरी मिळत होती आणि सरावाला समोर त्या वेळचा उत्तम फलंदाज उभा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले.

पण पूना क्लबाच्या नेटमध्ये त्यांच्या हातात बॅट कधी कोणी दिली नाही. चेंडू टाकणं ही मेहनत, ती माळ्याकडून घ्यायची. फलंदाजी हा साहेबाचा मान. आजही क्लासमधल्या सगळ्यात महाग वस्तूकडे पाहावं. पर्सनल सेशन बहुतेक फलंदाजाचं असतं आणि थ्रोडाऊन टाकणारा पोरगा पगारी असतो.

संस्थानिकांनी पुढे हा खर्च अंगावर घेतला. पतियाळाच्या महाराजांनी जे. टी. हर्न आणि ब्रॉकवेल यांच्यासारखे इंग्लिश व्यावसायिक खेळाडू दरबारी आणून ठेवले. आपल्याकडे कोल्हापूरकर शाहू महाराजांचा ओढा कुस्तीकडे. त्यांनी तालमींना आश्रय दिला, मल्ल पोसले, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं. तालमीचा हिशेब क्रिकेटच्या क्लासहून निराळा होता. वस्ताद डाव शिकवायचे पैसे मागत नसे. त्याला गुरुपौर्णिमेचा नारळ आणि गावचा मान. घर खाली व्हायचं ते खुराकापायी. दूध, तूप, बदाम, थंडाई. दोन भावांपैकी एकालाच तालमीत पाठवता यायचं ते यामुळे. शिकवणी फुकट असूनही खेळ स्वस्त होत नाही, हे कोल्हापूरच्या लाल मातीइतकं कुठल्या वातानुकूलित अकादमीला कळलेलं नसेल.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले. तिथे मॅटवरची कुस्ती त्यांना नवीन होती. रीस गार्डनर या अमेरिकन माजी विजेत्यानं त्यांना तयार केलं आणि खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशाची वणवण सुरू झाली. गावानं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चं कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या सात हजारांत शिकवणी नव्हती, प्रवास आणि स्पर्धा होती. मुद्दाम लक्षात ठेवावा असा हा तपशील आहे.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली. सरकारनं १९५३ मध्ये राजकुमारी अमृत कौर प्रशिक्षण योजना काढली, १९६१ मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली आणि 'एनआयएस कोच' हा शब्द तालुक्यापर्यंत पोचला. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते. मुंबईच्या क्रिकेटला मात्र सरकारपेक्षा बँकांनी आणि कंपन्यांनी जास्त पोसलं.

टाइम्स शील्ड या कंपन्यांमधल्या क्रिकेट स्पर्धेसाठी त्यांना चांगला संघ हवा असायचा, म्हणून खेळाडूंना नोकऱ्या मिळायच्या. अजित वाडेकर स्टेट बँकेत, पॉली उम्रीगर एसीसीत, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. दुपारी सही करून नेटवर जाणाऱ्या या मंडळींवर आतले कारकून कुरकुरत असतीलही. पण त्या नोकऱ्यांचा एक परिणाम कुठल्याच ताळेबंदात आला नाही. महिन्याच्या पगाराची चिंता नसलेली, संध्याकाळ मोकळी असलेली आणि क्रिकेटचं वेड लागलेली माणसं शहरात शेकड्यांनी तयार झाली. दादर युनियनमध्ये, शिवाजी पार्क जिमखान्यात, माटुंग्याच्या मैदानांवर पोरांना पुढचा पाय कुठे टाकायचा हे सांगायला ती उभी राहायची. माधव मंत्री, वासू परांजपे यांच्यासारख्यांचा शब्द म्हणजे शिकवणी. तिचं बिल कोणाच्या घरी गेलं नाही.

रमाकांत आचरेकर त्याच मुशीतले. नोकरी स्टेट बँकेत. प्रथम श्रेणीचा सामना उभ्या आयुष्यात एकच, १९६३-६४ च्या मोसमात स्टेट बँकेकडून मोईनुद्दौला स्पर्धेत. मग शिवाजी पार्कवर नेट लावून बसले ते बसलेच. १९८४ मध्ये अजित तेंडुलकर आपल्या अकरा वर्षांच्या भावाला तिथे घेऊन गेला, तेव्हा शिबिराची प्रवेश फी ६५ रुपये होती आणि महिन्याला १० रुपये. पहिल्या काही महिन्यांनंतर ते १० रुपये भरावे लागल्याचं आठवत नाही, असं सचिननं पुढे आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

या आकड्यांवर जुन्या दादरकरांचा ऊर भरून येतो आणि आजच्या क्लासवाल्यांना शिव्या बसतात. दोन्ही थोडं अन्यायाचं आहे. १० रुपयांत महिनाभर शिकवणं आचरेकरांना परवडलं, कारण घर स्टेट बँकेच्या पगारावर चालत होतं. मैदान महापालिकेचं होतं. १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं. संघ शारदाश्रम विद्यामंदिराचा, म्हणजे शाळेचा. बँक, पालिका आणि शाळा अशा तिघांनी मिळून फीचा मोठा वाटा आधीच भरून टाकला होता. पालकाच्या हातात पावती यायची ती उरलेल्या चिल्लरची.

आणि त्या चिल्लरीत मिळायचं काय? उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी साडेसातला नेट, मग सामना, मग संध्याकाळी पुन्हा नेट. शेवटच्या पंधरा मिनिटांत सर मधल्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. क्षेत्ररक्षणाला मैदानातली साठ-सत्तर पोरं. कोणीही कुठेही झेल घेतला की फलंदाज बाद. टिकला तर नाणं त्याचं, बाद झाला तर बाद करणाऱ्याचं. दिवसभर खेळून पाय लटपटत असताना, हवेत उडालेला प्रत्येक चेंडू कोणाच्या तरी हातात जाणार हे ठाऊक असताना, चेंडू जमिनीलगत ठेवायची सवय लागते ती अशी. ते झालं की पॅड-ग्लोव्ह्ज न काढता मैदानाला दोन फेऱ्या.

सचिनकडे तेव्हा क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांचा एकच जोड होता. सकाळच्या सत्रानंतर घरी यायचं, कपडे धुवून वाळत घालायचे, संध्याकाळी तेच घालून परत जायचं. शर्ट-पँट वाळायची, खिसे ओलेच राहायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या साठ दिवसांत तो पोरगा ५५ सराव सामने खेळला. एका मैदानावर बाद झाला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, चौथ्या क्रमांकावर घ्या म्हणून तिथल्या कप्तानाला सांगायचे आणि पुन्हा खेळायला उभा करायचे. बाकीच्या सगळ्या आख्यायिका बाजूला ठेवल्या तरी चालतील, पण या ५५ सामन्यांपाशी थांबावं लागतं. आचरेकरांची शिकवणी वस्तुतः सामन्यांचं वेळापत्रक होती. तंत्र सांगायला ते होतेच, पण त्यांचं बोलणं मोजकं. स्तुती तर जवळजवळ नाहीच. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली ती अशा शेकडो अनाम डावांच्या पाठीवर उभी होती.

हे वेळापत्रक एकट्या सरांच्या खिशातून निघालेलं नव्हतं. हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड या शालेय स्पर्धा सव्वाशे वर्षं जुन्या. भर पावसात चिखलात खेळली जाणारी कांगा लीग १९४८ पासूनची, आणि तिथे ए पासून जीपर्यंतचे गट, म्हणजे ज्याला जेवढं येतं तेवढ्याला तिथे जागा. शाळा, क्लब, कंपनी अशा तीन पायऱ्यांवर मिळणारे सामने मुंबईत इतके स्वस्त होते की शिकवणी ही त्यांच्यावरची फोडणी ठरायची.

आता फोडणी महाग झाली आहे आणि खालचं पातेलं अर्धं रिकामं.

कंपन्यांनी खेळाडूंची भरती आवरली. बँकेत नोकरी करून मैदानावर संध्याकाळ घालवणारी पिढी निवृत्त झाली. तिच्या जागी आलेल्या प्रशिक्षकाला मैदानाचं भाडं, मॅटचा खर्च, मदतनीसाचा पगार आणि स्वतःचं घर हे सगळं फीमधूनच भागवावं लागतं. २००८ मध्ये आयपीएल आलं आणि फी भरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदाच मोठा आकडा नाचू लागला. मग मासिक फीवर पर्सनल सेशन आलं, त्यावर बोलिंग मशीन, व्हिडिओ, फिटनेसचे वेगळे सर. इंग्लिश विलोच्या चांगल्या बॅटीला दहा हजार रुपये सहज लागतात आणि वाढत्या वयाच्या मुलाला ती दर दोन वर्षांनी आखूड पडते. यात कोणी लबाड आहे असं नाही. बँक, पालिका आणि शाळेचा वाटा आता बापाच्या खात्यातून कापला जातो, एवढाच फरक.

शाळेचा वाटा कुठे कुठे अजून शिल्लक आहे. १९९९ मध्ये बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी एका स्पर्धेत ऑफस्पिन टाकणारा एक मुलगा पाहिला आणि आमच्या शाळेत ये म्हणाले. शाळेची फी महिना २७५ रुपये. काकांना परवडणार नाही, असं मुलानं सांगितलं. लाडांनी संचालकांपुढे शब्द टाकला आणि फी माफ करून घेतली. पुढे एकदा हाच मुलगा नेटबाहेर बॅटनं शॅडो करताना त्यांना दिसला, तेव्हा कुठे कळलं की याला फलंदाजी येते. त्याला वरच्या क्रमांकावर पाठवलं. त्या रोहित शर्मानं पुढे एकदिवसीय सामन्यात २६४ धावा केल्या. या सगळ्यात शिकवणीचा तास कुठे आहे? एका माणसाची नजर होती, आणि मुलाला रोज तिच्यासमोर वावरता येईल अशी सोय होती.

अशी नजर पैसे मोजून मिळते का? कधी कधी मिळते. पण तीस मुलांच्या बॅचमध्ये ती विरळ होते आणि एकास एक सेशनमध्ये ती नको तितकी गडद होते. दर चेंडूला सूचना मिळालेला मुलगा सामन्यात सूचनेची वाट पाहत उभा राहतो, ही मैदानावरच्या जुन्या प्रशिक्षकांची नेहमीची तक्रार आहे आणि तिच्यात तथ्य आहे. विशिष्ट दोष काढायला, दुखापतीनंतर लय परत आणायला, मोठ्या स्पर्धेआधी आठवडाभर, अशी मोजकी खासगी सत्रं कामाची. रणजींचीही गरज नेमकी एकच होती, मागे जाणारा पाय. आठवी-नववीतल्या मुलाला वर्षभर लावलेलं पर्सनल कोचिंग आणि तेवढ्याच पैशांत पदरात पडणारे तीस सामने, यांत निवड करायची असेल तर सामने घ्यावेत. अकादमीत पाऊल टाकल्यावर बोलिंग मशीन कुठल्या कंपनीचं हे विचारण्याआधी, मोसमात मुलाला किती डाव मिळतील आणि कुठल्या क्रमांकावर, हे विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं तर फी कितीही कमी असो, ती महागच.

मुंबईत मात्र एक खर्च असा आहे की तो फीच्या पावतीवर कधीच आला नाही, आणि अनेकदा निर्णायक तोच ठरला. तो म्हणजे अंतर. सचिनचं घर वांद्र्याला होतं. शाळा बदलून शारदाश्रमला आल्यावर दमणूक व्हायला लागली, तेव्हा तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. पालघरच्या शार्दुल ठाकूरनं २००६ मध्ये लाडांच्या शाळेविरुद्ध खेळताना त्यांचं लक्ष वेधलं. त्यांनी बोलावणं धाडलं, पण लोकलच्या त्या पल्ल्यात शाळा आणि सराव दोन्ही जमणं अवघड, त्यात दहावीचं वर्ष. लाडांनी त्याला बोरिवलीत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. भदोहीहून आलेला यशस्वी जयस्वाल आझाद मैदानावर माळ्यांबरोबर तंबूत राहत होता. २०१३ मध्ये ज्वाला सिंग यांनी त्याला आपल्या घरी नेलं. या तिघांनाही शिकवणीहून आधी मैदानापासून जवळ एक खाट मिळाली.

म्हणून विरार, कल्याण, नवी मुंबईत भाड्याच्या टर्फवर निघालेल्या अकादम्यांकडे नाक मुरडून चालणार नाही. तिथली फी शिवाजी पार्कच्या जुन्या फीच्या कितीतरी पट असेल, पण लोकलमधले रोजचे तीन-चार तास ती वाचवते, आणि तेरा वर्षांच्या मुलाला त्या तासांत झोप, अभ्यास आणि जेवण मिळतं. वसईच्या एखाद्या घरासाठी हाच हिशेब फी वसूल करणारा ठरू शकतो. निवडीसाठीचे कित्येक सामने मात्र अजून आझाद, क्रॉस आणि ओव्हल मैदानांवर होतात. त्या दिवशी सीझन बॉल, दोन बॅटी आणि डबा कोंबलेली किटबॅग पहाटेच्या चर्चगेट फास्टमध्ये चढवावी लागते, डब्यातल्या लोकांची बोलणी खावी लागतात, आणि बरोबर येणाऱ्या बापाची त्या दिवसाची रजा पडते.